'सर्व्हर डाऊन आहे' : सरकारी संगणकाच्या देखभालीचा इतिहास

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य भारतातल्या कोणत्याही प्रांतात, कोणत्याही भाषेत, कोणत्याही खिडकीवर ऐकू येते. बँक असो, टपाल कार्यालय असो की तहसील कचेरी, खिडकीपलीकडच्या माणसाने हे तीन शब्द उच्चारले की अलीकडच्या माणसाला घरी परतण्यावाचून गत्यंतर नसते. प्रत्यक्षात सर्व्हर डाऊन असतोच असे नाही. कधी टेबलाखालची तार उंदराने कुरतडलेली असते, कधी यूपीएसची बॅटरी संपलेली असते, कधी संगणकाचे घड्याळ चुकलेले असते. परंतु या सर्व दोषांना मिळून आपण एकच नाव ठेवले आहे, आणि ज्या दोषाला नेमके नाव नसते त्याची दुरुस्तीही होत नाही.

एखाद्या खात्याच्या संगणकीकरणाची आढावा बैठक पाहा. पहिला तक्ता खरेदीचा असतो : मंजूर किती, खरेदी किती, वाटप किती, खर्च किती टक्के. त्यांपैकी आज किती यंत्रे चालू आहेत, बंद पडलेली कधीपासून बंद आहेत, आणि ती चालू करणे हे कोणाचे काम आहे, हे सांगणारा तक्ता सहसा मांडला जात नाही. माझ्या मते आपल्या देशातील शासकीय संगणकीकरणाचे यशापयश या न मांडलेल्या तक्त्यातच दडलेले आहे. त्याचा इतिहास येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. टेबलावरचा नेहमीचा डेस्कटॉप संगणक स्वयंपूर्ण असतो. त्याची मेमरी, हार्ड डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तुम्ही लिहिलेली पत्रे, सर्व काही त्याच्याच पोटात असते. थिन क्लायंट हे त्याच्या उलट यंत्र होय. ते एखाद्या पुस्तकाएवढे असते, त्यात स्वतःचे असे फारसे काही साठविलेले नसते. काम दूरच्या सर्व्हरवर चालते, आणि थिन क्लायंट केवळ कळफलकाची अक्षरे तिकडे पोहोचवितो व तिकडचे चित्र पडद्यावर दाखवितो. ही कल्पना नवी वाटली तरी नवी नाही. आपल्या देशात सामान्य नागरिकाने सर्वप्रथम जो सरकारी संगणक पाहिला, तो बहुधा याच जातीचा होता.

परंतु त्याआधी एका संस्थेची आठवण करून देणे आवश्यक आहे. १९६० व ७० च्या दशकांत भारतातले अनेक मोठे संगणक आयबीएम कंपनीकडून भाड्याने घेतलेले असत. यंत्र कंपनीचे, ते बिघडले तर येणारा अभियंताही कंपनीचा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांना आपला भांडवली हिस्सा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ मध्ये ती भारतातून निघून गेली. यंत्रे मात्र येथेच राहिली. मग ती सांभाळायची कोणी?

हा प्रश्न उभा राहण्यापूर्वीच त्याची तजवीज झालेली होती, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही. १९७५ च्या अखेरीस भारत सरकारने एक कंपनी स्थापन केली होती व तिचे नावच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' असे होते. संगणक बनविणे हा तिचा मूळ उद्देश नव्हता. वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक सांभाळणे हा होता. आयबीएम गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल या कंपनीने हाती घेतली. पुढे हिचेच नाव सीएमसी लिमिटेड झाले, २००१ मध्ये तिची मालकी टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. दुरुस्तीसाठी जन्मलेल्या या कंपनीनेच रेल्वेची पहिली संगणकीय आरक्षण प्रणाली उभारली. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या जुन्या पिढीतील वाचकांना त्या प्रणालीपूर्वीचे दिवस आठवत असतील. दिल्लीहून किंवा कोलकात्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचे, तर जातानाचे आरक्षण तेथल्या जाडजूड वह्यांत होई, आणि परतीच्या आरक्षणासाठी रेल्वेमार्फत तार पाठवावी लागे. त्या तारेचे उत्तर आले की नाही याची चिंता सुट्टीभर मनात असे. १९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे सीएमसीने बसविलेली 'इम्प्रेस' नावाची प्रणाली सुरू झाली. पाठोपाठ मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणकीय आरक्षण आले. पुढे रेल्वेच्या स्वतःच्या 'क्रिस' या संस्थेने, जिची स्थापना १९८६ मध्ये झाली होती, 'कन्सर्ट' ही प्रणाली तयार केली व १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. तेव्हापासून कोणत्याही संगणकीकृत खिडकीवर कोठूनही कोठचेही तिकीट मिळू लागले.

या खिडकीवर जे यंत्र होते ते स्वयंपूर्ण संगणक नव्हते. तो होता एक साधा टर्मिनल : पडदा, कळफलक आणि एक तार. सर्व हिशेब केंद्रातील मोठ्या संगणकावर चाले. यामुळे दोष शोधण्याची एक अत्यंत सोपी रीत आपोआप तयार झाली. पहिला प्रश्न एकच : बंद किती आहेत? एकच खिडकी बंद असेल तर दोष त्या टर्मिनलमध्ये, त्याच्या तारेत किंवा छपाईयंत्रात. एका गटातल्या सर्व खिडक्या एकदम बंद पडल्या तर दोष त्यांना एकत्र जोडणाऱ्या उपकरणात किंवा टेलिफोन खात्याकडून भाड्याने घेतलेल्या लाइनमध्ये. सगळे शहरच बंद असेल तर दोष केंद्रात. टर्मिनल उघडून तपासत बसण्याची गरज नसे. तो काढून दुसरा लावायचा, रांग पुढे सरकवायची आणि बिघडलेला टर्मिनल निवांतपणे कार्यशाळेत न्यायचा. त्यात प्रवाशाची कोणतीही माहिती साठविलेली नसल्याने तो बदलण्यात धोकाही नसे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही व्यवस्था यशस्वी झाली ती टर्मिनल उत्तम दर्जाचे होते म्हणून नव्हे. यंत्र बिघडणारच हे गृहीत धरून तिची आखणी झाली होती, म्हणून ती टिकली. बिघाड कोठे झाला हे कसे ओळखायचे, बदली यंत्र कोठे ठेवायचे, कोणाला कळवायचे, हे खरेदीपूर्वीच ठरलेले होते.

आता जिल्हा व तालुक्याच्या कार्यालयांकडे वळू. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांचे संगणकीकरण या संस्थेने केले, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साह्याने जिल्ह्यांची मुख्यालये जोडणारे 'निकनेट' उभे केले. याच सुमारास, १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर, पर्सनल कॉम्प्युटर आवाक्यात येऊ लागले होते. सुरुवातीला त्यांचा थाट मोठा असे. वातानुकूलित खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, यंत्रावर शिवून घेतलेले कापडी आच्छादन. जसजशी संख्या वाढली तसतशी यंत्रे वातानुकूलित खोलीतून बाहेर येऊन लिपिकाच्या टेबलावर, धूळ आणि दमट हवेत, स्थिरावली. तेथे त्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत झाली, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. कपाट, खुर्ची, पंखा आणि संगणक, एकाच वहीत, एकाखाली एक.

या नोंदीमागची मनोवृत्ती महत्त्वाची आहे. कपाट एकदा घेतले की वीस वर्षे त्याच्याकडे पाहावे लागत नाही. संगणकाला मात्र दरवर्षी काही ना काही लागते. खरेदीचा पैसा योजनेतून येई. वॉरंटी संपल्यावर देखभाल कराराचा पैसा मात्र कार्यालयीन खर्चातून काढावा लागे, जेथे विजेचे देयक, टेलिफोन व कागद यांच्यापुढे त्याचा क्रमांक शेवटचा. परिणामी यंत्र बंद पडले की टिपणी लिहायची, दरपत्रके मागवायची, मंजुरी घ्यायची, आणि तोवर आच्छादन घालून ठेवायचे.

आणि बिघाड तरी कसले? यंत्र सुरू करताच नुसते बीप वाजत राहणे हा एक नेहमीचा बिघाड. बहुतेक वेळा मेमरीच्या पट्टीचे पितळी वाटणारे संपर्कबिंदू मळलेले असतात; वीज बंद करून पट्टी काढायची, शाळेतल्या खोडरबराने ते हलक्या हाताने पुसायचे आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवायची. आपोआप बंद होणारे यंत्र बहुधा तापलेले असते, कारण पंख्यावर व त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर धुळीचा थर साचलेला असतो. वारंवार जळणाऱ्या पॉवर सप्लायचे मूळ अनेकदा यंत्रात नसून इमारतीच्या खराब अर्थिंगमध्ये असते. १९९९ ते २००७ या काळात जगभर बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसविले गेले होते, ते फुगून वर येत व यंत्र लहरीपणाने वागू लागे. तेथे नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालून काही उपयोग नसे, परंतु झाकण उघडून पाहणारा कोणी नसल्याने तीच पुन्हा पुन्हा घातली जाई. यांपैकी पहिले दोन दोष कोणताही होतकरू कर्मचारी दहा मिनिटांत दूर करू शकतो. मात्र सरकारी वस्तूचे झाकण उघडण्याचा अधिकार त्याला आहे किंवा नाही हे कोणत्याच आदेशात स्पष्ट नसे, आणि जबाबदारीच्या भीतीने तो उघडत नसे.

सर्वांत लहान दोषाची कथा सर्वांत बोधप्रद आहे. प्रत्येक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एक बटणासारखा सेल असतो. सीआर २०३२ या नावाने तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. यंत्र बंद असताना त्यातले घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो, आणि वीज गेली की घड्याळ काही वर्षे मागच्या एखाद्या तारखेवर जाऊन बसते. शासनात तारखेला काय महत्त्व आहे हे मी वेगळे सांगायला नको. २००० साल उजाडताना दोन अंकी वर्षलेखनामुळे काय होईल या चिंतेने सर्व सरकारांनी आपापल्या प्रणाली तपासून घेतल्या होत्या. परंतु सेल संपल्याने रोज चुकणाऱ्या तारखेकडे कोणी तेवढ्या गांभीर्याने पाहिले नाही. आज तर या सेलचे महत्त्व वाढले आहे. शासनाचे संकेतस्थळ सुरक्षित आहे याचे जे प्रमाणपत्र ब्राउझर तपासतो, त्यावर वैधतेच्या तारखा असतात. संगणकाचे घड्याळ मागे गेलेले असेल तर ते प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते आणि तो संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो. खिडकीवर मात्र सांगितले जाते की सर्व्हर डाऊन आहे.

यंत्र बदलले की केवळ यंत्रच बदलते असे नाही, हे आपल्या भाषांच्या बाबतीत फार प्रकर्षाने दिसले. पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट कार्ड' हे एकेकाळी भारतीय लिप्यांचे मोठे आधारस्थान होते. ते कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसवावे लागे व अक्षरे 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीत साठविली जात. तिचे प्रमाणीकरण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून झाले. पुढे विंडोजचे युग आले आणि निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फॉन्ट आले, ज्यांची संकेतरचना परस्परांशी जुळत नव्हती. कार्यालयात नवे यंत्र आले, जुना फॉन्ट त्यावर चढविला गेला नाही, आणि जुनी मराठी किंवा हिंदी पत्रे उघडली तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसू लागला. मजकूर नष्ट झालेला नसे, पण वाचता येत नसल्याने तो नसल्यातच जमा होता. विंडोज २००० पासून देवनागरीसाठी युनिकोडची सोय त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आली. तरीही जुने फॉन्ट अनेक कार्यालयांत पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. श्रेणीवाढ करताना 'नवे यंत्र जुन्यापेक्षा किती वेगवान' हा प्रश्न विचारला गेला; 'जुने कागद नव्या यंत्रावर वाचता येतील काय' हा विचारला गेला नाही.

देखभालीचा प्रश्न शासनात कधी खऱ्या अर्थाने सुटतो याचे उत्तर मला भूमी-अभिलेखांच्या इतिहासात सापडते. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता, तसेच रंगारेड्डी, सोनितपूर, सिंहभूम, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज आणि डुंगरपूर हे जिल्हे होते. अशा प्रयत्नांतली मोठी अडचण अशी की हस्तलिखित दप्तर समांतर चालूच राही. शेतकऱ्याला उतारा हवा असेल तर तो हाताने लिहून मिळे, फेरफार वहीत होई, संगणकातील माहिती मागे पडत जाई. असा संगणक बंद पडला तर कोणाचेच काही अडत नाही. ज्याच्या बंद पडण्याने कोणाचे अडत नाही, ते यंत्र कोण दुरुस्त करणार?

कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाने हा पेच तोडला. २००० ते २००२ या काळात तेथील १७७ तालुक्यांतील सुमारे दोन कोटी अभिलेख संगणकावर आले, १५ रुपये शुल्कात उतारा मिळू लागला, आणि मुख्य म्हणजे एकेका तालुक्यात प्रणाली सुरू होताच हस्तलिखित उतारे देणे शासनाने आदेशाने बंद केले. आता यंत्र बंद म्हणजे कचेरी बंद. तहसीलदाराला, जिल्हाधिकाऱ्याला आणि खिडकीपुढील शेतकऱ्याला एकाच वेळी यंत्राची काळजी वाटू लागली. देखभालीसाठी परिपत्रके काढावी लागतात हे खरे, परंतु ती पाळली जातात ती यंत्र अपरिहार्य झाल्यावरच.

मात्र अपरिहार्यतेचा दुसरा अर्थ असा, की जे अपरिहार्य आहे त्याला हात लावायला भीती वाटते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचे समर्थन संपले. तारीख फार आधी जाहीर झालेली असूनही असंख्य कार्यालये तिच्यावरच राहिली. त्याला कारणेही होती. अनेक शासकीय प्रणाली इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्तीसाठीच लिहिलेल्या होत्या, जुन्या स्कॅनरचे व प्रिंटरचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीत मिळत नसत, आणि विंडोज ७ ला किमान एक जीबी मेमरी लागत असताना जुन्या यंत्रांत ती त्याच्या निम्मी किंवा पावपट असे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा आंध्र प्रदेशातील काही पोलीस कार्यालयांचे संगणकही त्यात सापडले. पण त्या प्रकरणातला खरा धडा वेगळाच आहे. जगभरात बाधित झालेल्या यंत्रांपैकी बहुतांश एक्सपीची नव्हती. ती विंडोज ७ ची होती, जिचे समर्थन तेव्हा चालू होते. त्या दोषावरचा उपाय मार्च २०१७ मध्येच विनामूल्य उपलब्ध झाला होता. तो फक्त चढविलेला नव्हता. म्हणजे नवे विकत घेणे आणि घेतलेले अद्ययावत ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी निधी असतो तर दुसरीसाठी नेमलेला माणूस नसतो.

हाच प्रसंग आज पुन्हा आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित समर्थन संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी कित्येक यंत्रे त्या कसोटीत बसत नाहीत. अशा वेळी सर्व यंत्रे निर्लेखित करून नवी घेण्याचा प्रस्ताव सर्वांत सोपा असतो, पण तो नेहमी शहाणपणाचा नसतो. ज्या यंत्राचा प्रोसेसर कसोटीत बसतो पण जे मंद झाले आहे, त्याची हार्ड डिस्क काढून सॉलिड स्टेट डिस्क बसविली व मेमरी आठ जीबीपर्यंत नेली तर ते आणखी काही वर्षे सुखाने काम देते. फक्त मेमरीची पट्टी घेण्यापूर्वी यंत्रात कोणती पिढी चालते ते पाहावे लागते, कारण डीडीआर ३ च्या खाचेत डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही. जे यंत्र कसोटीत बसतच नाही, त्यावर लिनक्स चढविता येते. सी-डॅकने २००७ पासून 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली आवृत्ती उपलब्ध केलेली आहे. किंवा त्याच यंत्राचे थिन क्लायंटमध्ये रूपांतर करता येते.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. २००२ पासून रेल्वेने अनारक्षित तिकिटांचीही संगणकीय प्रणाली सुरू केली, आणि तिच्या व आरक्षणाच्या खिडक्यांवर जुन्या टर्मिनलच्या जागी थिन क्लायंट येत गेले. याच दशकात बँकांनी शाखेशाखेतील स्वतंत्र सर्व्हर काढून कोअर बँकिंग स्वीकारले. एनआयसीची ई-ऑफिस प्रणाली २००९ मध्ये आली, तेव्हापासून सरकारी फाइलसुद्धा दूरच्या सर्व्हरवर राहू लागली. लिपिकाच्या टेबलावर आज पूर्ण डेस्कटॉप असला तरी तो दिवसभर ब्राउझरची एक खिडकी उघडून बसलेला असतो. कामाच्या दृष्टीने तोही आता टर्मिनलच झाला आहे.

थिन क्लायंटचे गुण उघड आहेत. त्यात बहुधा पंखा नसतो, फिरणारी डिस्क नसते, वीज थोडी लागते, आणि बिघडला तर बदलायला वेळ लागत नाही. परंतु तो कधी म्हातारा होत नाही हा समज चुकीचा आहे. त्याच्या आतही एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम असते. सर्व्हरची सुरक्षा वाढविली, जुन्या पद्धतीची सांकेतिक जोडणी बंद केली, की अद्ययावत न केलेला थिन क्लायंट ठणठणीत असूनही सर्व्हरशी बोलू शकत नाही. शिवाय दोष एकवटतो. पूर्वी एक डेस्कटॉप बिघडला तर एका टेबलाचे काम थांबे. आता एक केबल तुटली तर तालुका थांबतो. म्हणून रेल्वेच्या खिडकीवरचा जुना प्रश्न आज प्रत्येक कार्यालयात विचारला गेला पाहिजे : बंद किती आहेत? एक, एक मजला, की सगळे?

माणसांची तयारी करता येते याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. केरळच्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने, जो २००१ मध्ये सुरू झाला, शाळांतील संगणकांसाठी 'हार्डवेअर क्लिनिक' भरविली. शिक्षक व विद्यार्थी यांना प्रशिक्षण देऊन शाळांतली बंद पडलेली यंत्रे त्यांच्याच हातून चालू करून घेतली गेली. शाळेतला मुलगा जे करू शकतो ते कार्यालयातल्या लिपिकाला अशक्य नाही. त्याला फक्त तसा अधिकार आणि अभय दिले पाहिजे.

या सर्व इतिहासावरून प्रत्येक कार्यालयप्रमुखाला करता येण्याजोग्या पाच गोष्टी मला सुचतात. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे धोरण लागत नाही.

१. जडवस्तू संग्रह नोंदवहीबरोबर एक बिघाड-नोंदवही ठेवावी. यंत्र कधी बंद पडले, दोष काय निघाला, काय बदलले, कधी चालू झाले. वर्षभराने हीच वही सांगेल की पैसा नव्या संगणकांवर खर्च करायचा की इमारतीच्या अर्थिंगवर.

२. दर वीस यंत्रांमागे एक तयार यंत्र, आणि सोबत सेल, मेमरीच्या पट्ट्या, तारा, एखादा पॉवर सप्लाय, एवढे सुटे भाग कार्यालयातच ठेवावेत. ते वापरण्याचा अधिकार एका प्रशिक्षित कर्मचाऱ्याला लेखी द्यावा.

३. देखभालीचा करार वर्षातील भेटींच्या संख्येवर न करता यंत्र किती तासांत चालू झाले यावर करावा. दुरुस्तीसाठी यंत्र बाहेर गेले तरी त्याची डिस्क कार्यालयातच राहील अशी अट घालावी. निर्लेखन करतानाही डिस्कवरील माहिती आधी नष्ट करावी व मगच यंत्र ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावे.

४. श्रेणीवाढ आधी एकाच यंत्रावर करून पाहावी. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरी आणि दहा वर्षांपूर्वीचे एक मराठी पत्र, या चारही गोष्टी त्यावर चालल्या तरच बाकीच्या यंत्रांना हात लावावा.

५. यंत्रणा बंद असताना काय करायचे हे आधी लिहून ठेवावे. ही सूचना मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती यंत्राविषयी नसून नागरिकाविषयी आहे. २०१० मध्ये मध्य प्रदेशाने आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राने लोकसेवांच्या हमीचे कायदे केले. त्यांतील मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. परंतु सर्व्हर डाऊन म्हणून ज्याचा अर्ज दाखलच झाला नाही त्याची मुदत सुरूच होत नाही. आणि तो अर्जाचा शेवटचा दिवस असेल तर त्याचा हक्कच जातो. तेव्हा यंत्रणा बंद असेल त्या दिवशी खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला तारीख, वेळ व शिक्का असलेली हातपावती द्यावी, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर त्या पावतीवरची तारीख हीच अर्जाची तारीख धरावी. एका पावती-पुस्तकाची छपाई एवढाच याचा खर्च आहे. तो करायला कोणत्याही कार्यालयप्रमुखाला उद्या सकाळी काही अडचण येऊ नये.